चांगआनचा त्सअन मठ

शियान शहराच्या दक्षिणेला, मिंग काळातल्या तटबंदीच्या बाहेर, दा त्सअन नावाचा बौद्ध मठ आहे. त्याच्या आवारातला सात मजली विटांचा मनोरा, म्हणजे ‘मोठा रानहंस पॅगोडा’, ही आज शियानची ओळख झाली आहे. मनोऱ्याची छायाचित्रे जगभर पोचली, पण मठाचा इतिहास मात्र मागे पडला. सातव्या शतकात, या शहराला चांगआन म्हणत असत तेव्हा, इथे संस्कृत ग्रंथ चिनी भाषेत उतरवण्याचे एक मोठे कार्यालय चालत होते. त्या कामाची शिस्त, त्यासाठी मिळालेला राजाश्रय आणि त्या राजाश्रयाची मोजावी लागलेली किंमत, हे तिन्ही या संस्थेच्या इतिहासात ठळक दिसते.

बौद्ध संस्थांचा परिचय करून देणाऱ्या आपल्या स्मरणिकेत या मठाला जागा देण्यामागे आणखी एक कारण आहे. मठाचा पहिला प्रमुख ह्युएनत्संग हा ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असे त्याने नोंदवले. इथला राजा पुलकेशी याचे सैन्य युद्धाला निघताना हत्तींना मद्य पाजते, हर्षासारख्या सम्राटालाही हा प्रदेश जिंकता आला नाही, इथे शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू आहेत, हेही त्यानेच लिहिले. पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले आहे, तो अजिंठा असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्राची इतकी जवळून टिपलेली सातव्या शतकातली दुसरी परदेशी नोंद मला ठाऊक नाही. ही नोंद करणाऱ्या माणसाने पुढचे आयुष्य कुठे आणि कसे घालवले, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

मठाची कथा त्याच्या पायाभरणीच्या अडीचशे वर्षे आधी, कुमारजीव या भाषांतरकारापासून सुरू होते. कुमारजीवाचे वडील भारतीय आणि आई कूचा राज्यातली राजकन्या. त्याची कीर्ती चीनपर्यंत पोचली ती त्याच्याच वाइटावर आली. एका सेनापतीने त्याला पकडून नेले आणि सरहद्दीवरच्या ल्यांगचौमध्ये त्याची पंधरा-सोळा वर्षे गेली. याओ शिंग राजाने ते राज्य जिंकल्यावर ४०१ च्या अखेरीस कुमारजीव चांगआनला आला. मिळालेल्या बारा वर्षांत त्याने सद्धर्मपुंडरीक, विमलकीर्तिनिर्देश, वज्रच्छेदिका असे ग्रंथ चिनीत आणले. त्याची भाषा इतकी प्रवाही होती की पुढे अधिक काटेकोर भाषांतरे झाली तरी पूर्व आशियातले भाविक आजही बहुधा कुमारजीवाचाच पाठ म्हणतात. शहराच्या नैर्ऋत्येला, डोंगरपायथ्याशी असलेल्या त्साओथांग मठात त्याचा छोटा स्तूप आहे. तो जेमतेम दोन-सव्वादोन मीटर उंच आहे आणि निरनिराळ्या रंगांच्या दगडांतून घडवलेला आहे. इतक्या मोठ्या माणसाचे इतके लहान स्मारक मला फार शोभून दिसते.

राजसभेच्या देखरेखीखाली अनेक विद्वानांनी एकत्र बसून भाषांतर करायचे, ही रीत चांगआनमध्ये कुमारजीवाच्या काळात रुळली. ५८२ मध्ये स्वी घराण्याने जुन्या चांगआनशेजारी नवी राजधानी आखली, तेव्हा दा शिंगशान मठाला एक अख्खा मोहल्ला मिळाला. नरेंद्रयशस आणि ज्ञानगुप्त या पंडितांनी तिथे काम केले. म्हणजे ह्युएनत्संग परतला त्या वेळी या शहराला भाषांतराची चांगली सवय झालेली होती.

तो भारतातून परतला ६४५ च्या आरंभी. देश सोडताना त्याच्याकडे परवानगी नव्हती. येताना मात्र स्वागताला रस्ते माणसांनी फुलले होते. वीस घोड्यांवर लादलेले ५२० गठ्ठे, त्यांत ६५७ ग्रंथ, शिवाय बुद्धमूर्ती आणि बुद्धाचे शरीरधातू, असा त्याचा ऐवज होता. थांग घराण्यातल्या सम्राट ताइत्सुंगाने त्याला चीवर उतरवून राज्यकारभारात यायला सांगितले. त्याने नम्रपणे नकार दिला आणि सोंगशान पर्वतावरच्या शाओलिन मठात राहून भाषांतर करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. काम राजधानीतच, हुंगफू मठात करायचे ठरले. राजाश्रय आणि राजाची नजर या दोन्ही गोष्टी त्या दिवसापासून त्याच्या पाठीशी लागल्या.

हुंगफू मठात जी मंडळी जमवली गेली, तिचा तपशील ह्युएनत्संगाच्या चरित्रात आला आहे. अर्थ पडताळणारे बारा भिक्खू, चिनी वाक्ये बांधणारे नऊ, शब्द आणि अक्षरे यांचा एक जाणकार आणि संस्कृत तपासणारा एक. याशिवाय लेखनिक वेगळे. निरनिराळ्या मठांमधून वेचून आणलेली ही माणसे होती. एकाने वाचायचे, दुसऱ्याने उतरवायचे, तिसऱ्याने शंका काढायची आणि शंका फिटल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी ही पद्धत होती.

युवराज ली झ याने ६४८ मध्ये आपल्या दिवंगत आईच्या, सम्राज्ञी झांगसुनच्या, स्मरणार्थ नवा मठ बांधला. मातेच्या कृपेचे ऋण म्हणून त्याचे नाव त्सअन. दहाहून अधिक चौक, एकंदर १,८९७ खोल्या आणि तीनशे नवदीक्षित भिक्खू, असा त्याचा विस्तार होता. आवारात एक स्वतंत्र भाषांतरगृह होते. ह्युएनत्संगाला मठाचा प्रमुख नेमून त्या वर्षाच्या अखेरीस रथ, ध्वज आणि वाद्यांच्या मिरवणुकीने तिथे आणले गेले. पुढच्याच वर्षी ताइत्सुंग वारला आणि मठ बांधणारा युवराज सम्राट गाओत्सुंग म्हणून गादीवर बसला. संस्थेच्या दृष्टीने याहून भक्कम पाठबळ कुठले?

ह्युएनत्संगाचा तिथला दिनक्रम त्याचा शिष्य ह्वेइली याने लिहून ठेवला आहे. त्या दिवशी किती मजकूर करायचा हे तो आधीच ठरवी. दिवसा कोणी येऊन वेळ गेला तर तो रात्री भरून काढी. काम थांबवल्यावर बुद्धाची पूजा आणि प्रदक्षिणा करी, मध्यरात्रीच्या सुमाराला थोडे पडे आणि पहाटेच्या प्रहरी उठून संस्कृत पोथी मोठ्याने वाची. त्या दिवशी जेवढे भाषांतर करायचे तेवढ्या मजकुरावर तांबड्या शाईने खुणा करी. भोजनोत्तर आणि संध्याकाळी प्रवचने असत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले भिक्खू आपापल्या शंका घेऊन येत. मठप्रमुख म्हणून व्यवस्थेचे कामही अंगावर असे, राजवाड्याचे दूत काही ना काही विचारायला येत आणि रात्री शंभरावर शिष्य ओसरीवर उपदेशासाठी ताटकळत असत. तो प्रत्येकाला उत्तर देई. पोथीवरच्या त्या तांबड्या खुणा मला त्याच्या सगळ्या प्रवासाइतक्याच मोठ्या वाटतात. सोळा-सतरा वर्षे चालून आणलेले ग्रंथ वाचकाच्या हाती पडायचे तर रोज पहाटे ही बैठक मोडून चालत नव्हते.

पोथ्यांना आगीची धास्ती होती. म्हणून ६५२ मध्ये मनोऱ्याचे काम निघाले. ह्युएनत्संगाच्या मनात प्रचंड दगडी स्तूप होता. गाओत्सुंगाने सांगितले की दगडाचे काम लवकर उरकणारे नाही, विटांचा बांधा. खर्चाची सोय कशी केली हे वाचण्यासारखे आहे. सात राजवाड्यांतल्या मृत व्यक्तींचे कपडे आणि चीजवस्तू त्यासाठी देण्यात आल्या. मनोरा पाच मजली झाला आणि त्याची घडण भारतीय स्तूपांच्या वळणावर ठेवली गेली. ह्युएनत्संग स्वतः टोपली घेऊन विटा आणि दगड वाहत होता. काम पुरे व्हायला दोन वर्षे लागली. पोटात माती आणि बाहेरून विटांचे आवरण, अशा त्या बांधकामात पुढे झाडेझुडपे रुजली आणि ते ढासळले. म्हणून सम्राज्ञी वू झत्यानच्या काळात, ७०१ ते ७०४ दरम्यान, तो नव्याने विटांचा बांधला गेला. आज उभा असलेला सुमारे ६४ मीटर उंचीचा मनोरा त्या बांधकामावर आधारलेला असून बाहेरचे विटांचे कवच १६०४ च्या मिंगकालीन दुरुस्तीतले आहे.

दक्षिणेच्या दाराशी दोन कोनाड्यांमध्ये दोन शिलालेख आहेत. एक भाषांतरांना ताइत्सुंगाने लिहिलेली प्रस्तावना, दुसरे त्यावर गाओत्सुंगाने युवराज असताना लिहिलेले टिपण. दोन्हींचे अक्षर छू स्वेइल्यांग या मंत्र्याचे. ६५३ मध्ये ते कोरले गेले. पहिल्या लेखाच्या ओळी चिनी रिवाजाप्रमाणे उजवीकडून डावीकडे जातात, दुसऱ्याच्या मात्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे दाराच्या दोन अंगांना बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहावेत अशी मांडणी साधली आहे. सुलेखन शिकणारे विद्यार्थी आजही या लेखांचे ठसे समोर ठेवून हात वळवतात. पश्चिमेच्या दारावरची शिळा वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना त्याहून मोलाची. तिच्यावर बारीक रेषांनी एक लाकडी बुद्धमंदिर कोरले आहे. खांब, खांबांवरचे तोडे, छपराचा उतार, पायऱ्या, सगळे स्वच्छ दिसते. थांग राजधानीतले एकही लाकडी मंदिर उरलेले नाही. ते कसे उभे असे हे समजायला ल्यांग सछंगसारख्या वास्तुइतिहासकारांना या कोरीव रेषांचा आधार घ्यावा लागला.

याच सुमारास मठात एक पत्र आले, आणि माझ्या मते त्सअन मठाच्या इतिहासातला सर्वांत हृद्य प्रसंग तोच. ६५२ मध्ये बोधगयेच्या महाबोधी विहारातून एक भिक्खू चांगआनला पोचला. त्याच्यापाशी प्रज्ञादेव या आचार्याचे पत्र होते आणि भेट म्हणून पांढऱ्या सुती कापडाचे दोन तागे. हा प्रज्ञादेव कोण? कनौजच्या वादसभेत ह्युएनत्संगाने ज्याचे मत खोडून काढले होते, तो. हार विसरून त्याने हजारो मैलांवरून कुशल विचारले होते. दोन वर्षांनी तो भिक्खू परत निघाला तेव्हा ह्युएनत्संगाने प्रज्ञादेवाला आणि नालंदेच्या ज्ञानप्रभाला उत्तरे लिहिली. नालंदेत ज्यांच्या पायाशी बसून तो शिकला त्या शीलभद्रांच्या निधनाची वार्ता त्याला तोवर कळली होती. तो शोक ज्ञानप्रभाला लिहिलेल्या पत्रात आहे. मग कामाची हकीकत येते, तीसहून अधिक ग्रंथ पुरे झाल्याची. आणि शेवटी एक मागणी. परतताना सिंधू नदी ओलांडताना एका घोड्यावरचे ग्रंथ बुडाले होते. त्यांची यादी त्याने सोबत जोडली आणि कोणी येणारे असेल तर त्याच्याबरोबर ते पाठवा, अशी विनंती केली. नदीत पोथ्या गेल्या त्याला दहा वर्षे होऊन गेली होती, तरी ती यादी त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

दरबाराची जवळीक दोन्ही बाजूंनी कापणारी होती. ६५५ मध्ये ल्यू त्साय नावाच्या दरबारी विद्वानाने हेतुविद्येवरच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रावरच्या, भिक्खूंच्या टीकांमध्ये चुका काढल्या. प्रकरण इतके वाढले की ह्युएनत्संगाला स्वतः वादात उतरावे लागले. दुसऱ्या बाजूने, ६५६ मध्ये सम्राटाने आपले वरिष्ठ मंत्री भाषांतरांची चिनी भाषा तपासायला नेमून दिले. सम्राट लोयांगला गेला की ह्युएनत्संगालाही मागोमाग जावे लागे. तिथूनच ६५७ मध्ये त्याने शाओलिनला जाऊ द्या, असे पुन्हा विनवले. पुन्हा नकार. ६५८ मध्ये त्याची रवानगी नव्याने बांधलेल्या शीमिंग मठात झाली आणि पुढच्या वर्षी शहराच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या यूह्वा या जुन्या राजप्रासादात. म्हणजे त्सअन मठाच्या वाट्याला तो आला जेमतेम दहा वर्षे. यूह्वामध्ये त्याने ६६० ते ६६३ या काळात महाप्रज्ञापारमितेचे ६०० खंड पुरे केले. शिष्य म्हणत होते, पुनरुक्ती गाळा. त्याने एक अक्षर गाळले नाही. ६६४ मध्ये तो तिथेच वारला. एकोणीस वर्षांत सुमारे ७५ ग्रंथ, तेराशेवर खंड, एवढे काम त्याच्या नावावर आहे. त्सअन मठात त्याची परंपरा क्वेइची या शिष्याने चालवली. चीनमधल्या योगाचाराच्या, म्हणजे विज्ञानवादाच्या, शाखेचा पाया त्याने घातला असे मानले जाते, आणि मठाचेच नाव त्याला चिकटून तो ‘त्सअनचा आचार्य’ म्हणून ओळखला गेला.

काम मात्र या एका मठापुरते राहिले नाही. ६८४ मध्ये गाओत्सुंगाच्या पुण्यस्मरणार्थ बांधलेल्या मठाला पुढे ज्यनफू हे नाव मिळाले आणि इत्सिंग तिथे भाषांतराला बसला. तो ६७१ मध्ये समुद्रमार्गाने निघून नालंदेत दहा वर्षे शिकला आणि ६९५ मध्ये परतला होता. बौद्ध विहारांची शिस्त, म्हणजे विनय, हा त्याचा खास विषय. त्या मठाचा ‘छोटा रानहंस पॅगोडा’ ७०७ ते ७०९ मध्ये उभा राहिला. पंधरा मजल्यांपैकी तेरा आज शिल्लक आहेत. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत उभा फाटला आणि १५२१ च्या भूकंपात ती भेग मिटली, असे १५५५ मध्ये दारावर कोरलेल्या लेखात म्हटले आहे. दुसऱ्याच वर्षीच्या महाभयंकर भूकंपाने त्याचा माथा पाडला. दा शिंगशान मठात आठव्या शतकात अमोघवज्राने तंत्रयानाचे ग्रंथ चिनीत आणले. त्याचा शिष्य ह्वेइग्वो छिंगलुंग मठात होता. ८०५ मध्ये जपानचा कूकाई त्याच्यापाशी आला, काही महिन्यांत सगळी दीक्षा घेऊन परतला आणि जपानमध्ये शिंगोन पंथ उभा राहिला. छिंगलुंग मठ पुढे मातीआड गेला. त्याची जागा १९७३ मध्ये उत्खननाने निश्चित झाली. तिथले आजचे कूकाई स्मारक आणि चेरीची झाडे जपानी भाविकांच्या आस्थेतून आली आहेत.

त्सअन मठाच्या वाट्याला पुढे वेगळेच लोक आले. राजसेवेची परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार मनोऱ्याशी येऊन आपली नावे लिहीत. कवी बाय ज्यूयी ८०० मध्ये त्यांच्यात होता. चांगआनमधले खेळ-तमाशे मुख्यतः याच मठाच्या आवारात होत आणि इथली पिओनीची फुले पाहायला शहर लोटे. भाषांतरशाळेच्या अंगणात जत्रा भरते हे काहींना अवनतीचे चिन्ह वाटेल. मला तसे वाटत नाही. ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगाने बौद्ध धर्माविरुद्ध मोहीम काढली. देशभरातले ४,६०० मठ मोडले गेले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत धाडले. त्या वेळी राजधानीच्या पूर्व भागात जे दोन मठ ठेवायचे ठरले ते त्सअन आणि ज्यनफू होते. शहराच्या रोजच्या जगण्यात मुरलेल्या संस्थेला हात लावणे अवघड गेले असणार, असा माझा तर्क आहे.

९०४ मध्ये राजधानीच हलवली गेली. वाडे मोडून त्यांचे लाकूड नदीतून वाहून नेले. उरलेले चांगआन आक्रसले आणि मठ गावाबाहेर, शेतांमध्ये पडला. पुढच्या सहस्रकात तो पडला, उठला, पुन्हा पडला. आज दिसणारी मंदिरे मिंग-छिंग काळातली आणि त्यानंतरची आहेत, आणि थांग काळातल्या विस्ताराचा अगदी लहानसा तुकडा तेवढा मठाकडे उरला आहे. आता शहर पुन्हा त्याच्याभोवती आले आहे. उत्तरेच्या चौकात कारंज्यांचा खेळ चालतो, दक्षिणेला ह्युएनत्संगाचा पुतळा आहे. मे २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्यासोबत हा मठ पाहिला.

ह्युएनत्संगाची समाधी मात्र इथे नाही. आधी शहराच्या पूर्वेला पुरलेले त्याचे अवशेष ६६९ मध्ये आग्नेयेकडच्या पठारावर हलवले गेले आणि तिथे शिंगज्याओ मठ झाला. पाच मजली, एकवीस मीटर उंच विटांचा त्याचा स्तूप मध्ये आणि बाजूला दोन लहान स्तूप, एक क्वेइचीचा, दुसरा कोरियातून आलेल्या वनचुकचा. या दोन शिष्यांच्या परंपरांमध्ये विज्ञानवादाच्या अर्थावरून तीव्र मतभेद होते. वनचुकचे अवशेष १११५ मध्ये तिथे आणले गेले, तेव्हापासून दोघे गुरूच्या दोन बाजूंना आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या बंडाळीत मठ जळाला, तीन स्तूप तेवढे वाचले. विसाव्या शतकात मठ पुन्हा बांधला गेला.

२०१३ मध्ये या पुनर्बांधणीवरच संकट आले. रेशीममार्गावरच्या स्थळांसाठी जागतिक वारसा यादीत अर्ज करायचा होता. प्राचीन स्तूपांच्या भोवतालची अलीकडची बांधकामे, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आणि भोजनगृहासकट, पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. असे होणार असेल तर आम्हाला यादीतच नको, अशी भूमिका मठाने घेतली. चीनमध्ये वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर त्याला मोठा पाठिंबा मिळाला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. मठाची बाजू रास्त होती. स्तूप जुने आणि खोल्या नव्या हे खरे असले तरी त्या खोल्यांमध्ये राहणारी माणसेच स्तूपांची पूजा करतात, दारे उघडतात, आल्यागेल्याला वाट दाखवतात. २०१४ च्या जून महिन्यात दोहा इथल्या बैठकीत रेशीममार्गाचा चांगआन ते थ्यनशान हा टप्पा यादीत समाविष्ट झाला. मोठा आणि छोटा रानहंस पॅगोडा तसेच शिंगज्याओचे तीन स्तूप त्यात आहेत. यांपैकी ज्यनफू मठ आता शियान संग्रहालयाच्या आवारात आहे, तर त्सअन आणि शिंगज्याओ इथे भिक्खुसंघ नांदतो आहे.